आबांचा संध्याकाळचा ताप

१२ फेब्रुवारी

शेळ्या राखणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

या हंगामात आपल्यापैकी कुणाच्याच अंगणात करडं उड्या मारताना दिसत नाहीत. चार महिने शेळीचं पोट वाढताना बघायचं, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, आणि एका सकाळी गोठ्यात पाऊल टाकावं तर पेंढ्यात ओला, धड केसही न आलेला जीव पडलेला. आपल्या चोवीस कळपांत मिळून एकसष्ट शेळ्या गाभडल्या. एकसष्ट! आणि वर आपल्यालाच काय ऐकवलं जातं? "तुम्ही काळजी घेत नाही." "काठी मारली असेल." "तुमच्या बायकांनी पाण्याकडे लक्ष दिलं नसेल." ज्यांनी जन्मात अडलेल्या शेळीच्या उशाशी अर्धा दिवस काढला नाही, ते आपल्याला काळजी शिकवणार?

दोष कुणाचा ते मी सांगतो. सगळ्यांच्या गोठ्यात यंदा एकच गोष्ट नवी आली, ती म्हणजे नाक्यावरच्या पेंडवाल्याची नवी पेंड. मी गेल्या वर्षी बाहेरून बारा शेळ्या आणल्या. त्यांतल्या नऊ गाभडल्या. माझ्या घरच्या सतरा शेळ्या, आमच्या वडिलांच्या वाणाच्या, त्याच गोठ्यात त्याच पेंडीवर आहेत, आणि त्यांतली एकही गाभडली नाही. कारण त्या दगड पचवतील. बाहेरच्या नाजूक, त्यांना ती बुरसटलेली पेंड सोसली नाही. याहून आणखी कसला पुरावा हवा?

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात या. तोपर्यंत त्या दुकानाची पायरी कुणी चढू नका.

तुमचा,
शेळीपालक संघाचा चिटणीस

(मागच्या कोऱ्या बाजूला, पेनानं)

ताई, छापखान्यातली पहिली प्रत तुला. वाच आणि सांग, भोंगा अजून वाजतो की नाही? तू फोन उचललास की मी ओरडतो म्हणतेस, म्हणून कागदावर ओरडलो. सूनबाईला सहावा महिना लागलाय. बाकी सगळे मजेत.


२० फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

वाजतो, चांगला वाजतो. प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली काम करणाऱ्या दोघी पोरींनी परिपत्रक वाचलं आणि विचारलं, "बाई, तुमचा भाऊ निवडणुकीला उभाय का?" मी म्हटलं, तो जन्मल्यापासून उभाच आहे.

पण अरे, तुझा पुरावा मला पटला नाही. जनावरांच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं रक्ताचे थेंब बघत बसलेय. पेंड खराब असली की शेळ्या हगतात, फुगतात, मरतात. एकामागून एक, बरोबर चौथ्या महिन्यात, इतक्या शिस्तीत गाभडत नाहीत. अशी शिस्त जंतूंची असते. म्हणून काही गोष्टी विचारते, चिडू नकोस. गाभडलेल्या शेळ्यांची वार वेळेवर पडली का? त्या मेलेल्या करडांचं काय केलंस? आणि इतरांच्या गोठ्यांत ज्या गाभडल्या, त्यांच्या शेजारी कुठल्या शेळ्या बांधलेल्या होत्या?

आणखी एक. परवा कपाट आवरताना आपला तो एकुलता एक फोटो सापडला. आबा गुडघे टेकून बसलेत, मांडीवर नुकतं जन्मलेलं करडू, आणि त्यांचं तोंड त्याच्या नाकपुड्यांवर. तू मागे उभा, चड्डी सुटायला आलेली. आठवतं? करडू निपचित आलं की आबा बोटानं त्याच्या तोंडातला चिकटा काढायचे आणि नाकात हलकेच फुंकर घालायचे. "आपला श्वास उसना द्यायचा," म्हणायचे. तीनदा फुंकलं की ते शिंकायचं, आणि आपण दोघं टाळ्या वाजवायचो. तू पाच वर्षांचा असताना पहिली फुंकर घातलीस आणि आठवडाभर गल्लीभर सांगत फिरलास.

तू अजून फुंकर घालतोस का रे?

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

घालतोस का म्हणजे? आबांनी शिकवलेली गोष्ट मी सोडेन? या नऊ शेळ्यांची मिळून तेरा करडं पडली. एकेकाला मांडीवर घेतलं. मेलेलं दिसत होतं, तरी फुंकर घातली, कारण आबाही घालायचे. "आपल्याला काय कळतं, मेलंय की झोपलंय?" तेरातलं एकही शिंकलं नाही. मग मागच्या परसात पुरलं. वारी काही शेळ्यांच्या दोन दोन दिवस पडल्या नाहीत, हातानं काढाव्या लागल्या. झालं समाधान? चिडलो नाहीये.

सभा दणदणीत झाली. पेंडवाला स्वतः आला होता, मागे उभा राहिला. म्हणाला, "मी वीस वर्षं तुम्हाला पेंड देतोय, माझं एक तरी ऐका." मी म्हटलं, "वीस वर्षं आम्ही तुमचं ऐकतोय, आज आमच्या शेळ्यांचं ऐका." पटांगण हसलं. तो गेला. दुकान सध्या ओस आहे.

शेजारी कुठल्या शेळ्या विचारतेस? अगं, संघात असा एक कळप नाही ज्यात आपल्या वाणाची एक तरी शेळी नाही. आपल्या गोठ्यातलं मादी करडू, एखादी पाट, मागायला लोक रांग लावतात. त्या सगळीकडे ठणठणीत आहेत. गाभडतात त्या दुसऱ्याच. यावरून तुलाच काय ते कळावं.

फोटोवरून मला दुसरंच आठवलं. आबांचा संध्याकाळचा ताप. दिवेलागणी झाली की जाड चादर पांघरून उंबऱ्यावर बसायचे, घामानं सदरा भिजायचा, आई दुसरा आणून द्यायची, तो भिजला की तिसरा. एरवी माणूस किती कडक! पण ताप आला की मऊ व्हायचे. आपल्याला दोन्ही बाजूंना घ्यायचे आणि शेळ्यांच्या गोष्टी सांगायचे. आपल्या कानतुटी शेळीची पणजी, तिची आई, तिनं एकदा मास्तरांची टोपी कशी खाल्ली. तू हळूच विचारायचीस, "आबा, आज ताप येणारे का?" कारण ताप नसला की अभ्यास असायचा. महिनाभर यायचा, मग जायचा, मग परत यायचा. बागेतल्या झाडासारखा ऋतू होता त्याचा. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड तास तोच.

हल्ली मलाही त्याच वेळेला कणकण येते. कंबर धरते, घाम फुटतो. वय झालं. मी त्याच उंबऱ्यावर जाऊन बसतो. खरं सांगू का, बरं वाटतं. त्यांच्या जागी बसल्यासारखं वाटतं.

सूनबाईचं कौतुक ऐक. ती या घरात आल्यापासून दूध उकळून पिते. धारोष्ण दूध समोर धरलं तर नाक मुरडते. मी म्हटलं, "अगं, माझ्या नातवाला ताकद कुठून येणार?" तर म्हणते, "बाबा, तुमच्या नातवाला आधी आईच्या पोटात टिकू दे." आबांनी हे पाहिलं असतं तर तिला शेळीच्या कासेखालीच बसवलं असतं.

तुझा,
भोंगा


५ मार्च

अरे,

हे पत्र मिळताच करायच्या गोष्टी लिहिते. वाद नंतर घाल.

ती कणकण बरी वाटून घेऊ नकोस. उद्याच माणसांच्या दवाखान्यात जा, रक्त दे आणि डॉक्टरांना सांग की मी शेळ्यांची वार उघड्या हातानं काढली आणि मेलेल्या करडांच्या नाकात फुंकर घातली. हेच शब्द वापर, लाजू नकोस. त्यांना त्यावरूनच कळेल काय शोधायचं.

सूनबाईला गोठ्यात पाऊल टाकू देऊ नकोस. कच्चं दूध घरात कुणीही प्यायचं नाही. आज नाही, कधीच नाही. तिचंही रक्त तपासायला दे.

गुरांच्या डॉक्टरांना मी फोन केलाय. ते येऊन सगळ्या शेळ्यांचं रक्त घेतील. सगळ्या म्हणजे घरच्या सतराही. पेंडवाल्याच्या पेंडीची पिशवी त्यांच्याकडे दे, मी इथे तपासते. त्या माणसालाही न्याय हवा.

पुढे एखादी गाभडली तर हातमोजे घाल. आणि भोंग्या, फुंकर घालू नकोस. तुझ्या पाया पडते.

ताई


१९ मार्च

ताई,

तुझा गुलाबी थेंब जिंकला. गुरांचे डॉक्टर पांढरी फरशी घेऊन गोठ्यात बसले. एकेका शेळीच्या रक्तातलं पाणी, त्यावर तो गुलाबी रंग, काडीनं ढवळायचं, हलवायचं आणि बघायचं. चांगलं असलं की रंग तसाच राहतो, रोग असला की दाणे धरतात. पहिल्या थेंबात दाणे, दुसऱ्यात दाणे. मी म्हटलं, तुमचा रंग जुना झालाय. त्यांनी माझ्यासमोर नवी बाटली फोडली. पुन्हा दाणे. नव्या बारांपैकी दहा. घरच्या सतरांपैकी चौदा. कानतुटीच्या लेकीच्या थेंबात तर इतके ठसठशीत की मला चष्म्याशिवाय दिसले.

माझ्याही रक्तात तेच निघालं. ब्रुसेलोसिस. नाव तर एखाद्या परदेशी पाहुण्यासारखं आहे. दोन तऱ्हेच्या गोळ्या, सहा आठवडे, एकही दिवस चुकवायचा नाही. तुझी भावजय रोज गोळी देते आणि तोंड उघडायला लावून बघते, गिळली की नाही. सूनबाईचा निकाल यायचाय. मी तिच्याकडे बघू शकत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की हा जंतू शेळीच्या वारीवर जसा बसतो, तसा बाईच्याही पोटात उपद्रव करू शकतो.

पेंड स्वच्छ निघाली हे तू कळवलंस. ठीक आहे, पेंडवाल्याचा दोष नाही. मग दोष उघड आहे. त्या नव्या बारा शेळ्या ज्यानं विकल्या, त्या व्यापाऱ्यानं हा रोग आमच्या घरात सोडला. आबांच्या निरोगी कळपात विष कालवलं! मी दुसरं परिपत्रक लिहायला घेतलंय. काहीही झालं तरी त्याला संघासमोर उभा करीन.

आणि इथे मला तू हवी आहेस. ये आणि सभेत उभी राहा. मी ओरडतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण तू प्रयोगशाळेतली, तुझ्या शब्दाला वजन आहे. एवढंच सांग की आबांच्या काळात आपल्या गोठ्यात हा रोग नव्हता. एक वाक्य पुरे.

तुझा,
भोंगा


२६ मार्च

प्रिय भाऊ,

ते वाक्य मी बोलू शकत नाही, कारण ते खोटं आहे.

आबा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे पंधरा दिवस राहिले होते, आठवतं? तिथेही संध्याकाळी त्यांना ताप आला. मी नुकतीच या रोगाच्या तपासणीच्या टेबलावर बसायला लागले होते. मला तो ताप आवडायचा, तुझ्यासारखाच. पण त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्यांदा मुलगी म्हणून नाही, कामावरची बाई म्हणून बघितलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी त्यांचं रक्त काढलं, त्यातलं थोडं मी मागून घेतलं. गुलाबी थेंबात दाणे धरले. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा धरले.

मी त्यांना सांगितलं. त्यांनी एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यावर पट्टी होती. मग म्हणाले, "म्हणजे शेळ्यांनाही असणार." मी हो म्हटलं. "मग त्यांना मारायला नेतील." मी हो म्हटलं. "तू हे कुठे लिहून ठेवलंस?" मी नाही म्हटलं. "मग लिहू नकोस. मी आहे तोवर कळपाला हात लागायला नको. मी गेल्यावर तुला वाटेल ते कर."

मी त्यांना गोळ्या आणून दिल्या. दहा दिवस घेतल्या, बरं वाटलं, सोडल्या.

ते गेले तेव्हा मी सांगणार होते, देवाशप्पथ. तेराव्या दिवशी सकाळी गोठ्यात आले तर तू कानतुटीला मांडीवर घेऊन रडत होतास, आणि ती तुझी बाही चघळत होती. मी तशीच माघारी फिरले. मग वर्षं गेली. कुणी गाभडलं नाही असं तू लिहायचास, आणि मी स्वतःची समजूत घालायचे की रोग आपोआप विझला. खरं कारण मला माहीत होतं. ज्या शेळीला हा रोग होतो ती बहुतेक एकदाच गाभडते. पुढे ती ठणठणीत दिसते, वेळेवर विते, आणि जंतू मात्र दुधातून आणि वारीतून टाकत राहते. आपल्या घरच्या शेळ्या लोखंडी नव्हत्या रे. त्यांचं गाभडून झालं होतं. नव्या बारा निरोगी आल्या, आणि आपल्या गोठ्यात आजारी पडल्या.

आणि आपल्या वाणाची एकेक पाट ज्या ज्या घरी गेली, तिथे तिथे हेच झालं.

एकतीस वर्षं परक्या माणसांच्या कळपांचे निकाल मी एका ओळीत लिहिले. माणसं टेबलापलीकडे रडायची, मी म्हणायचे, "नियम आहे." आपल्या घरचा निकाल मात्र मी पदराखाली ठेवला, आणि तो तुझ्या अंगात गेला. सूनबाईच्या निकालाची वाट बघताना माझ्या हातून काल दोन काचपट्ट्या फुटल्या.

तो गोड तास माझाही सगळ्यात गोड तास होता. तो आपल्याला आजारानं दिला होता, हे मला बावीस वर्षांपूर्वी कळलं, आणि तरी मी त्याला आजार म्हणू शकले नाही.

आता सभेत काय सांगायचं ते तू ठरव. मला बोलावलंस तर येईन, आणि हेच सांगेन.

तुझी,
ताई


२१ एप्रिल

आत्याबाईंना सप्रेम नमस्कार,

बाबा लिहीत नाहीत म्हणून मीच लिहितेय. त्यांना माहीत नाही. आईंना माहीत आहे, त्यांनीच तिकीट दिलं.

आधी माझं. माझा निकाल चांगला आला. डॉक्टर पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणार आहेत, तोपर्यंत पूर्ण निश्चिंत होऊ नका म्हणाले. पण बाळ लाथा मारतंय. आई म्हणतात, आजोबांवर गेलंय, आतापासूनच सभा घेतंय.

तुमचं पत्र बाबांनी अंगणात वाचलं. वाचून झाल्यावर दुसऱ्यांदा वाचलं. मग दुसऱ्या परिपत्रकाचा मसुदा चुलीत घातला आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. आत्याबाई, हे घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. शेजारीण विचारायला आली, "भोंगा गावाला गेलाय का?"

नवव्या दिवशी ते पेंडवाल्याकडे गेले. मी आणि आई मागोमाग गेलो, वाटेत चक्कर येईल म्हणून. बाबा पायरीखालीच उभे राहिले. पेंडवाले गल्ल्यावरून म्हणाले, "काय चिटणीस, आज पटांगण रिकामंय वाटतं?" बाबा म्हणाले, "चूक माझी होती. रोग माझ्या गोठ्यातला आहे." ते म्हणाले, "हे मला कशाला सांगताय? मला माहीतच होतं की माझा दोष नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा." मग त्यांनीच स्टूल पुढे सरकवलं. "बसा. केवढे वाळलात."

परवा शेळ्यांना नेलं. चोवीस. गाडीवाल्यानं दोर आणले होते, बाबा म्हणाले, लागणार नाहीत. ते गाडीपर्यंत पुढे चालत गेले, हाक मारत, आणि सगळ्या त्यांच्या मागून गेल्या. फळीवर चढल्यासुद्धा. बाबा खाली उतरले आणि त्यांनी स्वतः दार लावलं. पाच राहिल्यात, त्या वेगळ्या बांधल्यात, त्यांचं रक्त पुन्हा घेणार आहेत.

मी त्यांना त्या दिवशी म्हटलं, "बाबा, एक वचन द्या. बाळ झालं की त्याच्या नाकात फुंकर घालणार नाही." ते हसले. महिनाभरात पहिल्यांदा. म्हणाले, "तुझं दूध उकळणं या घरात सगळ्यात शहाणपणाचं होतं, आणि मी त्याला नखरे म्हणालो." मी म्हटलं, "खरं सांगू? मला शहाणपण-बिहाणपण काही नव्हतं, वासच सहन व्हायचा नाही."

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. वाईट वाटून घ्या, आणि इकडे या.

तुमची,
सून


८ मे

ताई,

पत्राची वाट बघायला लावली. ओरडावंसं वाटत होतं, आणि कागदावर ओरडलं की ते राहतं, म्हणून थांबलो.

सुरुवातीला तुझ्यावर रागावलो, मग आबांवर रागवायला बसलो. उंबऱ्यावरच बसलो. जमलं नाही. त्यांना कळप म्हणजे आईबाप होते, तो गेला असता तर ते आधी गेले असते. पण त्यांनी तुझ्याकडून ते वचन घ्यायला नको होतं. आणि तू द्यायला नको होतंस. हे एकदा लिहितो, पुन्हा नाही लिहिणार. माझं मोठेपण समजू नकोस, मीही खुणा बघत होतो. दर दोन-तीन वर्षांनी एखादी पहिलटकरीण गाभडायची. मी तुला कळवायचो नाही, कारण आपल्या वाणात तसं होत नाही असं मीच जगाला सांगितलं होतं.

गोळ्या संपून आठवडा झाला. गेले अठरा दिवस संध्याकाळी ताप नाही. घाम नाही. सहा वाजता उंबऱ्यावर जाऊन बसतो आणि काहीच होत नाही. बरा झालोय, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

सूनबाईच्या दुसऱ्या तपासणीला तू इथे असावीस असं तिला वाटतं. मलाही. आबांनी कोणत्या शेळीला कोणतं नाव ठेवलं होतं, त्यातली निम्मी मी विसरलोय. तू येशील तेव्हा सांग. आता ताप नसतानाही सांगायला हवीत.

संघासाठी नवं परिपत्रक लिहिलंय. आधी तू वाच म्हणणार होतो, पण तू गुळगुळीत करशील. म्हणून थेट छापखान्यात दिलं. प्रत सोबत आहे.

तुझा,
भाऊ


१० मे

शेळ्या राखणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

फेब्रुवारीत मी तुम्हाला सांगितलं की आपल्या शेळ्या पेंडीमुळे गाभडल्या. ते खोटं होतं. पेंड तपासली, स्वच्छ निघाली. एका प्रामाणिक दुकानदाराचं मी तुमच्यासमोर हसं केलं. त्याची माफी मी मागितली आहे, आता तुमची मागतो.

रोग माझ्या गोठ्यातून आला. ज्या शेळ्यांचा मी छाती फुगवून अभिमान सांगितला, त्याच शेळ्या माझ्या वडिलांच्या काळापासून तो पोसत होत्या, आणि त्यांच्या पाटी मी मोठ्या प्रेमानं तुमच्या दावणीला बांधल्या. माझ्या वडिलांना तो होता. आमच्या घरात हे एका माणसाला माहीत होतं आणि बाकीच्यांना कळून घ्यायचं नव्हतं. यातली कुठली चूक मोठी ते ठरवण्यात वेळ घालवू नका. माझ्या चोवीस शेळ्या गेल्या. चिटणीसपदाचा राजीनामा मी अध्यक्षांकडे दिला आहे.

पण एक गोष्ट माझ्या राजीनाम्यानं होणार नाही. गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी प्रत्येकानं मेलेलं करडू उघड्या हातानं उचललंय. प्रत्येकानं अडकलेली वार ओढलीय. कित्येक जण माझ्याकडून फुंकर घालायला शिकलेत. तुमच्यातल्या कुणाला संध्याकाळी कणकण येते? कुणाची कंबर महिनोन्‌महिने धरलीय? कुणाचा सदरा घामानं भिजतो आणि तो म्हणतो, वय झालं? मीही तेच म्हणत होतो. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षं तेच म्हटलं. हे वय नाही. हा रोग आहे, तो रक्तात सापडतो, आणि सहा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. मी बरा झालो.

शेळ्यांचं रक्त घ्यायला गुरांचे डॉक्टर घरोघरी येतील, त्यांना कुणी अडवू नका. पण त्याआधी तुमचं रक्त. ज्या घरात पोटुशी बाई आहे, त्या घरानं सगळ्यांत आधी यावं. लाज वाटत असेल तर सगळ्यांत पुढे मी उभा असेन, माझ्याकडे बघा.

येत्या सोमवारी, सकाळी नऊ वाजता, दूध संकलन केंद्राच्या खोलीत माणसांच्या दवाखान्यातल्या परिचारिका येणार आहेत. घरातल्या प्रत्येक माणसाला घेऊन या, बाही वर करा आणि हात पुढे करा.